सोमारीच्या घरचा राहून गेलेला मुक्काम

मुलांनो, एक मोठा कोरा कागद तुमच्यापुढं जमिनीवर पसरला आहे असं समजा. खाली मधोमध स्वतःचं नाव लिहा. त्याच्या वर दोन नावं, आईचं आणि बाबांचं. त्यांच्या वर चार, दोन्हीकडच्या आजी-आजोबांची. त्याच्याही वर आठ. इथं बहुतेकांची पेन्सिल थांबते आणि मग घरात ओरडून विचारावं लागतं, “आजी, तुझ्या आईचं नाव काय गं?”

आता असं समजा, की तुमच्या आईच्या नावावरची जागा कोरीच आहे. आठवत नाही म्हणून नव्हे. विचारायला माणूसच उरलेलं नाही म्हणून.

ऊर्जानगरच्या कॉलनीत राहणाऱ्या साक्षीचा कागद असा होता. तिचे बाबा अजय वीज केंद्रात कामाला. बाबांच्या बाजूची नावं तिनं भराभर लिहिली होती. आईच्या, म्हणजे ललिताच्या बाजूला तिनं आधी मुखरू आणि कमळा ही नावं लिहिली होती, मग खोडली होती. ब्रह्मपुरीजवळ धानाची शेती करणारं ते जोडपं. त्यांनी ललिताला वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. मुखरूआजोबा आधी गेले. कमळाआजीनं जाण्याआधी ललिताला जवळ बसवून सांगितलं, “बाई, तू माह्या पोटची नाईस. एका नर्सबाईनं आणून देल्ली. एटापल्लीकडच्या जंगलातली हायेस, एवढंच मले ठाऊक.”

ललिता तेव्हा चाळिशीला आली होती. ती रडली नाही की चिडली नाही. पण त्यानंतर बाजारात, बसस्टँडवर, कुठंही साठीच्या पुढची एखादी गोंड बाई दिसली की ती तिच्याकडं टक लावून बघत राही. अजयनं एकदा विचारलं, “भेटली तर काय विचारणार आहेस तिला?”

“काही नाही विचारायचं,” ललिता म्हणाली. “एकदा तिच्या जवळ बसायचंय. ती आहे तोवर.”

अजयची भाची दिव्यानी नागपूरला शिकत होती. तिनं उपाय सुचवला. एक लहानशी डबी पोस्टानं येते. तिच्यात थुंकायचं आणि ती परत पाठवायची. आपल्या थुंकीत आपल्या शरीराचे अगदी बारीक कण असतात आणि प्रत्येक कणात आईकडून आलेलं अर्धं आणि वडिलांकडून आलेलं अर्धं असं सगळं लिहून ठेवलेलं असतं. त्याला डीएनए म्हणतात, हे तुम्ही शाळेत शिकला असाल किंवा शिकाल. ज्यांनी ज्यांनी अशी डबी पाठवली आहे त्यांच्याशी तुमचं किती जुळतं ते संगणक ताडून बघतो. जितकं जास्त जुळेल तितकं नातं जवळचं.

बरेच महिने काहीच जुळलं नाही. जुळायला समोरच्यानंही डबी पाठवलेली हवी ना! मग एका रविवारी ललिताच्या फोनवर एक नाव आलं. अंकुश पोटावी. खाली लिहिलं होतं: बहुधा चुलत, आते, मामे किंवा मावस भावंड.

अंकुश पुण्याला कॉलेजात होता. मित्रांनी वाढदिवसाला गंमत म्हणून त्याला ती डबी दिली होती. त्याचं गाव इरपगुडा, एटापल्लीच्या पुढं, जंगलात. ललितानं त्याला फोन केला तेव्हा तिचा आवाज इतका कापत होता की शेवटी साक्षीनंच फोन हातात घेतला.

“तुम्ही आमचे कोण?” साक्षीनं सरळ विचारलं.

“मोबाईल म्हणते तसं असलं, तर मामा,” अंकुश हसत म्हणाला. “पण मले मामा म्हणशील तर खाऊ मागू नको. होस्टेलात राहतो मी.”

मग त्यानं विचार करून सांगितलं. त्याच्या आईला बहीण नाही. वडिलांना, म्हणजे चैतूला, एकच सख्खी बहीण, बुधरी. या बुधरीआत्याची एक मुलगी तान्ही असताना तापानं फणफणली होती. घरच्या माणसांनी तिला दूरच्या दवाखान्यात नेलं आणि ती माणसं रिकाम्या हातानं परत आली. मुलगी गेली, तिकडंच पुरली, असं त्यांनी सांगितलं. बुधरीनं ते कधीच खरं मानलं नव्हतं. “माह्या डोळ्यांनी पाह्यलं नाई, तर मेली कशी म्हणू?” असं ती आजवर म्हणत आली होती.

सगळं कसं चपखल बसत होतं. दिव्यानी तेवढी म्हणाली, की बुधरीबाईंचीही थुंकी तपासून घ्या, म्हणजे खात्री होईल. ललितानं मान हलवली. “पहिल्यांदा भेटतेय मी माझ्या आईला. भेटल्या भेटल्या तिच्यापुढं डबी धरू? म्हणू, आधी थुंक, मग आई म्हणेन?”



मे महिन्याच्या सुट्टीत ललिता, अजय आणि साक्षी इरपगुड्याला गेले. अंकुशही सुट्टीला गावी आला होता. तेंदूपत्त्याचे, म्हणजे बिडीसाठी लागणारी पानं तोडायचे दिवस होते. बाया पहाटे जंगलात जाऊन पानं आणत आणि दुपारी अंगणात बसून त्यांचे पुडे बांधत. जीप थांबली तशी सगळ्यांनी पानं बाजूला सारली. बुधरी पुढं आली. ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर गोंदण. तिनं ललिताला खाटेवर बसवलं, तांब्याभर पाणी आणलं आणि रिवाजाप्रमाणं तिचे पाय धुतले. धुता धुता ती मध्येच थांबली आणि ललिताच्या पायाचा अंगठा धरून ओरडली, “पाहा, पाहा! माह्यासारखाच वाकडा हाये!”

“वाकडा तर माझा बी हाये,” चैतू म्हणाला. “मंग मी बी तुही लेक का?”

अंगणभर हसू पसरलं. ललिता हसता हसता रडायला लागली. साक्षीनं आईला असं कधीच पाहिलं नव्हतं.

त्या बायांमध्ये एक सोमारी होती. बुधरीची चुलत बहीण, पलीकडच्या टोकाला राहणारी. अंगानं वाळलेली, सारखी खोकणारी. ती बराच वेळ मागं उभी राहिली. मग हळूच पुढं येऊन तिनं ललिताचं मनगट हातात घेतलं आणि गोंडीत काहीतरी म्हणाली.

अंकुशनं सांगितलं, “सोमारीआत्या म्हणते, आज रात्री आमच्या घरी मुक्काम करा. कोंबडं कापते.”

“वा गं!” बुधरीनं कमरेवर हात ठेवले. “लेक माही अन् कोंबडं तुहं? तुह्या घरी जेवून ती काय माहं कौतुक सांगंल!”

पुन्हा सगळे हसले. सोमारीही हसली. पण मनगट तिनं सोडलं नव्हतं.

ललिता म्हणाली, “पुढच्या खेपेला नक्की येते मावशी. आज आईजवळ राहू द्या.”

ते अंकुशनं गोंडीत सांगितलं. सोमारीनं मान डोलावली आणि हात सोडला. दुसऱ्या दिवशी जीप निघाली तेव्हा ती गावाबाहेरच्या वळणापर्यंत गाडीमागं चालत आली. साक्षीनं मागच्या काचेतून हात हलवला. सोमारीनं हलवला नाही. ती नुसती बघत उभी होती.

जून महिन्यात शाळा सुरू झाली आणि साक्षी पुन्हा कागद घेऊन बसली. आता लिहायला आईच्या बाजूचीही नावं होती! अंकुशमामा व्हिडिओवर एकेक नाव सांगत होता.

“माझे आजोबा पोटावी घरचे. त्यांची बायको मडावी घरची. आजोबांच्या भावाची बायको बी मडावी घरचीच, माझ्या आजीची सख्खी बहीण. सोमारीआत्या त्यांची मुलगी.”

“दोन भाऊ, दोन बहिणी. लिहिलं. आता तुझ्या आईचं माहेर?”

“मडावी.”

साक्षी थांबली. “तेच मडावी?”

“तेच. माझी आई माझ्या आजीच्या भावाची मुलगी.”

“म्हणजे तुझी आजी तुझ्या आईची सासू पण आणि आत्या पण?”

“हो ना. आमच्यात त्याला दूध लौटावा म्हणतात. दोन घरांत एकदा सोयरीक झाली, की पुढच्या पिढीत त्याच घरांत पुन्हा मुलगी द्यायची-घ्यायची. दूध परत करायचं. आमच्या दोन्ही घरांत किती पिढ्या हे चालू हाये, कोणाले माहीत.”

“मग तुझ्या आजीला मी दोनदा लिहू की एकदा?”

“एकदाच लिही. जेवायला एकच पान लागते तिले.”

साक्षी हसली, पण तिच्या कागदावरच्या रेघा आता वर जाता जाता फाकत नव्हत्या. त्या वळून पुन्हा एकमेकींना येऊन मिळत होत्या. ती बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली.

मुलांनो, तिला काय दिसलं ते नीट समजून घ्या, कारण संगणकाला ते दिसलं नव्हतं. असं समजा, की तुमचा प्रत्येक पूर्वज तुमच्या सुपात थोडं थोडं धान टाकून जातो. जवळचा मूठभर, लांबचा चिमूटभर. तुमच्या आणि दुसऱ्या कुणाच्या सुपात एकसारखं धान मूठभर निघालं, तर संगणक म्हणतो, जवळचं नातं. पण लांबची तीच माणसं जर दोन वाटांनी, तीन वाटांनी येऊन पुन्हा पुन्हा चिमूट टाकून गेली असतील, तर? चिमटी जमून मूठ होते. नातं लांबचं असतं आणि दिसतं जवळचं. संगणकाला पोटावी आणि मडावी घरांचा रिवाज कुणी सांगितला नव्हता.

साक्षीनं कागद बाबांना दाखवला. “बाबा, आई आणि अंकुशमामा एवढे जवळचे नसतील. ती बुधरीआजीचीच मुलगी असेल असं नाही. सोमारीआजी आईचं मनगट धरून होती ना, तिची असली, तरी एवढंच जुळेल बहुतेक.”

अजयनं कागद हातात घेतला. तो रोज यंत्रांवरचे आकडे वाचणारा माणूस, त्याला कळायला वेळ लागला नाही. आत ललिता बुधरीशी फोनवर बोलत होती. बुधरीचं अर्धं बोलणं गोंडीत, ललिताला त्यातलं फारसं कळत नव्हतं, तरी ती खदखदून हसत होती.

अजय हळू आवाजात म्हणाला, “इतक्यात आईला सांगू नकोस. किती दिवसांनी असं हसतेय. बघू, दिवाळीनंतर बोलू.”

“पण बाबा, खरं काय ते...”

“बघू म्हटलं ना.”

साक्षीनं कागद गुंडाळून कपाटावर ठेवला. अजयचा हेतू वाईट नव्हता. त्याला फक्त बायकोचं हसू आणखी थोडे दिवस घरात हवं होतं.

भाद्रपदात अंकुशचा फोन आला. बोलता बोलता त्यानं सांगितलं, सोमारीआत्या गेली. खोकला छातीत उतरला होता. नाल्याला पूर होता, दवाखान्याची गाडी पलीकडं अडकली. ललिता हळहळली. “मला मुक्कामाला बोलावत होती बिचारी,” ती म्हणाली, आणि भाजी चिरायला बसली.

साक्षीनं बाबांकडं पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

दिवाळीत अंकुश गावी गेला. बुधरीनं त्याच्यामागं धोशाच लावला होता. तिनं ऐकलं होतं, की डबीत थुंकलं की मोबाईलमध्ये नाव येतं.

“मले बी थुकू दे!” ती म्हणाली. “माह्या लेकीच्या नावाच्या बाजूले माहं नाव काऊन नाई? ह्या पोट्ट्याचं हाये अन् माहं नाई?”

कुणीही तिला डबी मागितली नव्हती. तिनंच हौसेनं मागून घेतली, सगळ्या आळीला गोळा करून त्यांच्यादेखत ती भरली आणि अंकुशला बजावलं, “सांडू नको रे. लेकीचं काम हाये.”

निकाल आला तो मार्गशीर्षात. संगणकानं बुधरीचं नाव ललिताच्या नावाशेजारी लिहिलं. पण आई म्हणून नाही. आई-लेकीचं अर्धं जुळतं. यांचं त्याच्या पाव हिश्श्याएवढंच जुळत होतं. लांबची मावशी असावी इतकं.

ललितानं फोन अजयपुढं धरला. मग अजयनं कपाटावरचा कागद काढला आणि तिच्यापुढं पसरला. साक्षीला त्यात काय दिसलं ते सांगितलं, कागद कधीचा आहे तेही.  तिनं सोमारीच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हिच्याकडं आता कोण असतं?”

सोमारीकडं तिचा मुलगा सुकलू असे. अंकुश त्याला जाऊन भेटला. सुकलूनं त्याला अंगणात बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाला, “मले वाटलंच होतं, एक दिवस कोणी विचारंल.” त्यानंही डबी भरून दिली. होळीच्या सुमारास तिचा निकाल आला. सख्खा भाऊ.

मार्चमध्ये ते पुन्हा इरपगुड्याला गेले. सुकलू त्यांना गावाबाहेर घेऊन गेला. तिथं सागाच्या झाडांमध्ये गावातल्या गेलेल्या माणसांचे दगड उभे असतात, प्रत्येकाचा एक. जुने दगड शेवाळलेले, कलंडलेले. सोमारीचा दगड सरळ उभा होता, खालची माती अजून दबली नव्हती.

सुकलू उकिडवा बसला आणि खाली बघत सांगू लागला. “मी लहान होतो. बाप बांबूच्या कामाले गेला होता. माय तापानं पडली, दूध आटलं. तू रडून रडून निळी पडत होती. नर्सबाई म्हणाली, ही इथी जगत नाई, एका चांगल्या घरी देतो. मायनं मान डोलावली. मंग गावाले सांगितलं, पोरगी मेली म्हणून.”

“मी आले तेव्हा तिनं ओळखलं होतं मला?” ललितानं विचारलं.

“बघितल्या बघितल्या. आमच्या आजीचं तोंड हाये तुहं. घरी येऊन रडली. मी म्हटलं, माय, सांगून टाक. म्हणे, माह्या हातानं मी दिली. आता कोणत्या तोंडानं मागू? अन् बुधरीची लेक तिच्यापासून दोनदा हिसकावू का?”

ललितानं डोळे पुसले नाहीत. “कोंबडं कापते म्हणाली होती.”

“बांधून ठेवलं होतं ना,” सुकलू म्हणाला. “तुही जीप गेली तरी दिवसभर सोडलं नाई तिनं ते.”

 ललिता दगडाजवळ मातीत बसली आणि तिनं हात दगडावर ठेवला. तिला तिच्या आईच्या जवळ बसायचं होतं. ती आता बसली होती.

साक्षी थोडा वेळ आईशेजारी उभी राहिली. मग तिनं आजूबाजूला पाहिलं. चैतू आला होता, अंकुशची आई आली होती, आळीतल्या बाया आल्या होत्या. बुधरी आली नव्हती.

सागाच्या पलीकडं, उतारावर, मोहाची झाडं होती. खाली पडलेली फुलं वेचत एक ठेंगणी बाई वाकली होती. या गर्दीकडं तिची पाठ होती. सगळे आज सोमारीच्या लेकीला बघायला जमले होते, आणि बुधरीची लेक दुसऱ्यांदा गेली होती. पहिल्या वेळी निदान तिच्या भोवती बसायला माणसं होती.

साक्षी उतारावरून खाली गेली.

बुधरीनं मान वर केली नाही. “तुही आजी तिकडं हाये,” ती म्हणाली. “इथी कायले आली?”

साक्षी तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

“मी कोणी नाई तुही. जा. तुही माय शोधंल तुले.”

साक्षीनं चपला काढून बाजूला ठेवल्या. ती बुधरीच्या समोर खाली बसली आणि फुलं वेचू लागली. पहिली मूठ तिनं टोपलीत टाकली, तशी बुधरीनं त्यातली दोन फुलं उचलून फेकली.

“ही सडकी हायेत. दिसत नाई का? पिवळी घे, टपोरी.”

साक्षी पिवळी, टपोरी वेचू लागली. ओंजळीत मावेनात, मग तिनं फ्रॉकचा घेर धरला. बुधरीची टोपली काठोकाठ भरत आली. बुधरी आता वेचत नव्हती, नुसती गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. साक्षीनं घेरातली फुलं तिच्यापुढं मातीवर नीट ओतली. मग ती उठून उभी राहिली, सागांच्या दिशेनं वळली आणि जोरात ओरडली, “आई, इकडं ये गं! येताना अजून एक टोपली घेऊन ये!”